टाळूची बट आणि माझ्या टॉन्सिल

माझ्या डोक्यावर एकूण अकरा केस होते आणि त्यांचा माझ्या टॉन्सिलशी काहीही संबंध नव्हता. ते उगवायचे डाव्या कानाशी. तिथून मी त्यांना खोबरेल लावून टकलावर आडवे न्यायचो. गाडी चालवतानाही माझा एक हात डोक्यावर. जीव होता माझा त्यांच्यात.

टॉन्सिल मात्र दर दोन महिन्यांनी सुजायच्या. त्या रविवारी देऊळघाटला सासुरवाडीत गेलो, तर जेवताना घास उतरेना. आवाज सकाळीच बसलेला.

"पडजीभ पडली," सासूबाईंनी निदान केलं. आमच्याकडे घसा धरला की टाळूवरची बट पकडून हिसका देतात. 'टक्' वाजलं की पडजीभ जागेवर गेली म्हणायचं. सासूबाईंच्या हाताला तर पंचक्रोशीत गुण! मी नको म्हणणार होतो, पण नको म्हणायलाही घसा लागतो. मान हलवली, तिचा त्यांनी होकार धरला.

"काऊन वं सुषमा, यायच्या डोक्यावर बट कुठी हाय?"

"माय, थे कानापासून वर आनले हायेत," बायकोनं माझं बारा वर्षांचं गुपित फोडलं.

"कानाजवळून वढलं तं कानच उचलन." थोडा विचार करून सासूबाईंनी सगळी जुडी टाळूवर घेतली आणि बोटाला गुंडाळली. (नंतर कळलं, याआधी त्यांनी टकल्या माणसावर कधी उपचारच केला नव्हता.) पहिला हिसका. काही नाही. दुसरा. तिसऱ्याला 'टक्' वाजलं.

"आला आवाज, जवाईबुवा."

आवाज मानेतून आला होता. जुडी त्यांच्या बोटालाच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी बायकोनं बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात बॅटरी मारली. "मागच्या गोळ्या किती दिवस घेतल्या?"

"बरं वाटेपर्यंत," मी कुजबुजलो.

"म्हंजे किती?" हे बायकोनं विचारलं.

"दीड दिवस."

"पाच दिवसांच्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "अर्ध्यावर सोडता, जंतू पुरते मरत नाहीत, म्हणून परत परत सुजतात. कोर्स पूर्ण करा, मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा. सध्या तरी ऑपरेशन नको."

"गोळ्याच खायच्या होत्या, तं केस काऊन घालवले?" बायको म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं.

आता घसा ठणठणीत आहे. जन्मात कुणाला दिसणार नाहीत त्या दोन्ही टॉन्सिल मी जागच्या जागी राखल्या, आणि मिरवायचं होतं ते साडेतीन दिवसांच्या आळसापायी सासूच्या बोटाला गुंडाळून दिलं.