टांग्याचा कंदील आणि माझी कायम नोकरी

माझी नोकरी पक्की कशी झाली, असं कुणी विचारलं की मी आपला विषय बदलतो. पण आज सगळी आपलीच माणसं बसलीयत, तर सांगूनच टाकतो. हसायचं तेवढं हसा, पण चहा सांडू नका!

पन्नास-बावन्न सालची गोष्ट. डोंबिवलीत मुलींच्या शाळेत मी विज्ञानाचा हंगामी मास्तर. वय तेवीस, बी.एस्सी.ची पदवी नवीकोरी, आणि अक्कल? ती यायची होती! वडील गेलेले, आई आणि दोन बहिणी माझ्याच पगारावर. सोमवारी इन्स्पेक्टर येणार आणि त्यांनी बरा शेरा दिला तरच मी कायम.

शनिवारी वर्गात मी भलताच रंगात आलेलो. म्हटलं, "मुलींनो, धावत्या टांग्यातून चेंडू पुढे फेकला की टांग्याचा वेग त्याला मिळतो. तसाच टांग्याच्या कंदिलाचा उजेडही जास्त जोरात पळतो!"

शेजारच्या कोपर गावची कमल उभी राहिली. "सर, उजेडाचं तसं नसतं. मी मासिकात वाचलंय."

"मास्तर कोण? मासिक की मी?"

"तुम्ही, सर. पण…"

पण? माझ्यासमोर पण? "धावत्या कंदिलाचा उजेड जास्त वेगाने जातो, असं वीस वेळा लिहून आण!"

रविवारी वाचनालयात ते मासिक उघडलं आणि मला दरदरून घाम फुटला. पोर बरोबर होती हो, शंभर टक्के! म्हटलं, उद्या पहिल्याच तासाला तिची माफी मागू, तिच्या वहीतलं शिक्षेचं पान फाडून टाकू, मिटलं.

कसलं मिटतंय! मी वर्गात पोचायच्या आधीच इन्स्पेक्टरसाहेब मागच्या बाकावर हजर. आणि चाळीस वह्यांतून त्यांनी नेमकी उचलली कुणाची? बरोब्बर!

"कंदिलाचा उजेड जास्त वेगाने… वीस वेळा? हे कुणी लिहायला लावलं?"

माझ्या डोळ्यांसमोर आईचा चेहरा आला. तेवढ्यात कमल उठली.

"सरांनीच, साहेब. मुद्दाम! सर चुकीचं सांगतात आणि आम्ही पकडायचं असतं."

"अस्सं? मग काय पकडलंस?"

"टांगा धावो नाहीतर उभा राहो. टांग्यातल्याने मोजला काय न् रस्त्यावरच्याने मोजला काय, उजेडाचा वेग दोघांना एकच येतो."

"मग काहीच बदलत नाही?"

"बदलते ना! वेळ बदलते. दोघांची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. टांग्यात तो फरक कळण्याइतका नसतो, एवढंच."

साहेब खूश! शेऱ्यात लिहिलं, 'अभिनव अध्यापनपद्धती.' मी कायम!

मधल्या सुट्टीत मी कमलला चक्क हात जोडले. "पोरी, चुकलो मी. शिक्षा तुला केली आणि तू मलाच वाचवलंस. का गं?"

"सर, तुम्ही गेलात तर गणिताचे सर विज्ञान घेतील. ते पन्नास वेळा लिहायला लावतात."

कारण काही का असेना, माझ्या घरची चूल त्या मुलीमुळे पेटती राहिली. तिचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत, अगदी मनापासून सांगतो.

घोळ एकच झाला. पुढची तीस वर्षं फळ्यावर माझं काही चुकलं की अख्खा वर्ग आनंदाने ओरडायचा, "सर, हे मुद्दाम ना?" आणि मी हातावरचा खडू झटकत म्हणायचो, "शाब्बास, पकडलंत!"

अहो, एकदासुद्धा मुद्दाम चुकलेलो नाही मी!