मेणबत्त्यांची संध्याकाळ

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात मी कॅनडातल्या फ्रेंचभाषक ब्रॉसार्डच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये व्हॉलंटियर होतो. स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी तिथे एक तरुण कोलंबियन समुपदेशक बसायची, पण तिच्याकडे कुणी फिरकत नसे. शेवटी तिने त्यांच्याकडचा मेणबत्त्यांचा सण ठेवला आणि हॉल भरला.

दाराजवळ पन्नाशीची एक बाई कोट घालूनच बसली होती. हातातल्या फोनची स्क्रीन ती सारखी पुसत होती. मेणबत्ती लावताना तिची काडी विझली. मी दुसरी पेटवून दिली.

"मुलगा तिकडे कोलंबियातच आहे," ती मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली. "आठवडाभर फोन नाही."

"कुणाला सांगितलंत?"

"वेड लागलंय म्हणतील. घरात एकटीच त्याच्याशी बोलत असते मी."

समुपदेशक शेजारीच होती. ती जवळ सरकून उभी राहिली. बाईच तिला म्हणाली, "उद्या असाल तुम्ही इथे?"

समुपदेशकाने होकारार्थी मान हलवली.

मुलाचा फोन आला का, ते मला कधीच कळलं नाही. त्या संध्याकाळी मात्र ती समुपदेशकाचा हात घट्ट धरून बर्फातून बसस्टॉपपर्यंत चालत गेली.