ताईने मोठी रिंग लावली

माझी थोरली बहीण लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवते. छताला लागून असलेल्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती पोलादी पत्र्याची भलीमोठी वेटोळी उचलते आणि ट्रकवर अलगद ठेवते. ती कामाला लागली तेव्हा लोक म्हणाले होते, "बाई वर चढेल, पण रडत खाली येईल." आता तेच लोक अवघड माल आला की विचारतात, "ताईंची पाळी कधी आहे?" पण ते राहू दे. मला सांगायचंय ते तिच्या नेमबाजीचं.

खरं तर हा नाद माझ्या भाचीला लागला होता. ताई तिला क्लबात घेऊन जायची आणि मागच्या बाकावर बसून राहायची. भाचीचा उत्साह लवकरच आटला. क्लबातून तिचं नाव काढायला म्हणून ताई गेली आणि स्वतःचं नाव घालून आली! वयाची चाळिशी आणि डोळ्यांवरची चाळिशी तिला नुकतीच एकदम लागली होती.

भावोजी म्हणाले, "आजवर हिच्याशी वाद घालताना मी चार हात लांब उभा राहायचो. आता लांब राहूनही उपयोग नाही."

तिचे हात स्थिर होते, दमही भरपूर होता. पहिले काही महिने गुण चढत गेले आणि मग एका जागी अडकून बसले. क्लबात शिकवायला एक मॅडम होत्या, साठीच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ताईच्या रायफलचं पुढचं टोक उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही रिंग बदला. मोठी घ्या."

रिंगची भानगड मला ताईनेच समजावून सांगितली होती. रायफलच्या डोळ्याजवळच्या टोकाला एक बारीक भोक असतं आणि नळीच्या पुढच्या टोकावर छोटंसं नळकांडं असतं. ती फ्रंट साइट. त्या नळकांड्यात रिंग बसवतात. भोकातून पाहिलं की रिंग दिसते आणि रिंगच्या आत समोरचं काळं गोल टार्गेट. दोन्हींच्या मध्ये पांढरी कड उरते. ती चहूबाजूंनी सारखी दिसली की चाप ओढायचा. रिंगा लहान-मोठ्या मिळतात, आणि ताईने हट्टाने सगळ्यांत लहान निवडली होती.

"लहान रिंग म्हणजे बारीक नेम. मोठ्या रिंगमध्ये काळं कुठंही भटकेल," ती मॅडमना म्हणाली.

"भटकू द्या. तुम्ही काळ्याकडं बघूच नका," मॅडम म्हणाल्या. "ते जरा पुसट दिसलं तरी चालतं. रिंग स्वच्छ दिसली पाहिजे."

"मग नेम कशावर धरायचा?"

"पांढऱ्यावर."

ताईच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो. आपलं वय झालं, नजर गेली, म्हणून मॅडम आपल्याला सोपं करून देताहेत असं तिने मनात घेतलं. रायफल कपाटात ठेवून ती घरी आली आणि क्लबाचं नाव काढेना. आम्हीही विषय काढला नाही. कोण काढणार?

त्याच सुमारास गोदामात एक नवा क्रेनवाला आला. आधी फोर्कलिफ्ट चालवायचा, चांगला मिशाळ गडी. त्याला शिकवायचं काम ताईकडं आलं. ट्रकच्या खाचेत वेटोळं उतरवताना तो मालावरच डोळे रोखून बसे, आणि माल जरा डुलला की घाबरून क्रेनच्या दांड्याला हिसका देई. ताई ओरडली, "अहो, मालाकडं काय बघताय! चारी बाजूंची मोकळी जागा बघा. ती सारखी दिसली की सोडा."

बोलून झालं आणि तिला स्वतःचेच शब्द ओळखीचे वाटले. मग एकटीच हसायला लागली. तो मिशाळ बिचारा म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो," ताई म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती क्लबात गेली. मॅडमनी "इतके दिवस कुठं होतात?" असं विचारलंही नाही. रिंगांची डबी पुढं केली. लहान रिंगमध्ये पांढरी कड इतकी बारीक दिसायची, की हात किंचित हलला तरी एका बाजूने ती नाहीशी व्हायची. ताई दचकायची आणि बोट चापाला झटका द्यायचं. मोठ्या रिंगमध्ये हात तेवढाच हलत होता, पण कड शाबूत राहत होती. मनही शांत, बोटही शांत. गुण पुन्हा चढायला लागले.

विभागाच्या स्पर्धेला मी सोबत गेलो होतो. दारात बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक म्हणाला, "मावशी, पालकांनी गॅलरीत बसायचं."

"पालक आहेच मी," ताई म्हणाली, "पण आज खेळणारीही मीच आहे. बाजूला हो बघू."

तो इतका ओशाळला, की तिची बॅग उचलून आत पोचवून आला.

ओळीत सगळ्या कॉलेजच्या पोरी, मध्ये माझी ताई, केसांत पांढऱ्या बटा. सुरुवात छान झाली. मग हॉलच्या उंच खिडक्यांबाहेर आभाळ भरून आलं आणि आतला उजेड मंदावला. ताईचे दोन छर्रे लागोपाठ बाहेर गेले. तिने रायफल खाली ठेवली, पुढचं नळकांडं उघडलं आणि डबी काढली. घड्याळ चालूच होतं. माझ्या मागं कुणीतरी कुजबुजलं, "ही गेली आता."

तिने सावकाश आणखी मोठी रिंग बसवली, झाकण फिरवलं, खांदे सैल सोडले आणि पुन्हा उभी राहिली. बाकीच्या पोरी अंधुक उजेडात डोळे ताणत होत्या. ताई मात्र गोदामात माल उतरवावा तशी एकेक छर्रा सोडत होती. वेळ संपता संपता तिचा शेवटचा छर्रा अगदी मधोमध बसला.

ती तिसरी आली. पहिल्या तिघींची मोठ्या स्पर्धेसाठी निवड होती. मी उठून इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की पंचांनी वर बघितलं. मॅडम जवळ आल्या. "उजेड गेला तेव्हा रिंग बदलायचं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पांढरं दिसेना, म्हणून बदलली."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मोठ्या स्पर्धेत ताईला पदक मिळालं नाही. ती मधल्या फळीत राहिली, पण गुण तिच्या आजवरच्या सगळ्यांत चांगल्या खेळाचे होते. परत आली ती अंघोळ करून सरळ झोपली. मी आणि भावोजी जिन्यात उभे होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय मग, कितवा नंबर?"

भावोजींनी छाती फुगवून आधी नंबर सांगितला. मग रायफल, नळकांडं, रिंग आणि पांढरी कड हे सगळं हातवारे करून त्यांना समजावलं. काकूंचं दूध उतू गेलं, पण त्या हलल्या नाहीत.