पंख्यातली काडी

जालन्याच्या दवाखान्यातून दादांचा फोन आला तेव्हा मी अंगणात ज्वारी पाखडत होते. "घेऊन येतोय तिला," एवढंच ते बोलले. बरं वाटलं असेल, असं समजून मी चहाचं आधण ठेवलं... अक्का, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, सकाळी शाळेला निघाल्या होत्या. छातीत कळ आली म्हणून दादा, त्यांचे यजमान, त्यांना शेजाऱ्यांच्या जीपमधून घेऊन गेले होते. त्या आल्या, पण चहा प्यायला नाही. घरात माणसं मावेनात, आणि लिंबाखाली अक्कांची जुनी लाल गाडी तशीच उभी.

अंबडजवळच्या आमच्या गावात दिवसा दार लावायची पद्धत नाही. लावलं, की घरात कुणी आजारी आहे नाहीतर काहीतरी बिनसलंय, असं गल्ली समजते. आमच्या खोल्यांची दारं पाहुण्यांचे शर्ट अडकवायला. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरात सासूबाई, दोन भावांचा संसार, येणारे-जाणारे, शाळेत पोरं, आणि गाडी स्वतःची असली तरी अंबडला निघालेलं अर्धं गाव तिच्यात. बाई नोकरी करते, गाडी चालवते, हिला काय कमी, असं लोक म्हणत. एकटीनं घटकाभर बसायला जागा नव्हती, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मला कळत होतं, कारण मीही त्याच घरात होते.

थंडीत शाळेला निघण्यापूर्वी अक्का काचा वर करून, हीटर लावून गाडी तापवत बसायच्या. हीटरचा पंखा असा घरघरायचा की पिठाची गिरणी परवडली! उन्हाळ्यात त्यातून झळाच यायच्या, तरी काचा बंद आणि पंखा चालू. दादा वैतागायचे. अंबडहून मिस्त्री यायचा, डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली डोकं खुपसून तीन स्क्रू काढायचा आणि पात्यांत अडकलेली लिंबाची काडी दाखवायचा. समोरच्या काचेखाली जाळी असते, तिथून पडते म्हणायचा. चार दिवस पंखा गप्प, मग पुन्हा घरघर. दादांनी जाळीवर मच्छरदाणीचं कापड घट्ट चिकटवलं. तरी काडी! शेवटी "हे झाडच नडून राह्यलं" म्हणत त्यांनी कुऱ्हाड काढली. सासूबाई आडव्या आल्या म्हणून लिंब वाचला.

एका दुपारी मी अक्कांना जेवायला बोलवायला गेले, तर बाई गाडीत गुडघे टेकून बसलेल्या. एका हातात शिलाई मशीनचा पेचकस, दुसऱ्या हातात लिंबाची काडी.

"अक्का, काय करून राह्यल्या?"

त्या दचकल्याही नाहीत. काडी पात्यांत सरकवली, चार-दोन वेढे देऊन स्क्रू बसवले, मला शेजारी बसवलं, काचा वर केल्या आणि पंखा लावला. त्या घरघरीत माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मी इथं भांडत असते."

"कुणाशी?"

"सगळ्यायशी. ह्यांच्याशी, सासूबाईशी, हेडमास्तरशी. तुझ्याशीबी."

"मी काय केलं?"

"ते घरात न्हाई बोलता येत, म्हून तर इथं! कधी रडून घेते. पंखा गप्प झाला ना, की समदं बाहेर ऐकू जातं. मंग जीव कोंडतो. कुणाला सांगू नको."

"बिलकुल न्हाई," मी म्हणाले. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना निदान काचा तरी होत्या.

तेराव्यानंतर दादांनी मिस्त्रीला बोलावलं. "तिला लई त्रास दिला ह्या पंख्यानं," म्हणाले. काडी निघाली. मिस्त्री गेल्यावर दादा आत बसले, काचा वर केल्या, पंखा लावला. बिलकुल आवाज नाही. ओट्यावर भेटायला आलेली मंडळी, सगळ्यांची नजर गाडीकडे. अक्का गेल्यापासून हा माणूस रडला नव्हता. जो येई तो 'घट्ट व्हा' सांगून जाई. त्यांनी तोंडाला रुमाल लावला, खांदे हलले... आणि कुणीतरी हाक मारली, "दादा, चहा घ्या." ते मुकाट उतरले. मला त्या चहाचाच राग आला.

दुपारी सगळे पडले होते. मी मशीनच्या खणातून पेचकस काढला, लिंबाखालची एक काडी उचलली. तीन स्क्रू म्हणजे काय मोठं काम, वाटलं होतं. पण पंखा आधी वाकडा बसला, बोटाचं सालटं निघालं. दुसऱ्या सकाळी गाडी घरघरली. दादा खूप वेळ आत होते. बाहेर आले ते डोळे लाल.

"पुन्हा काडी गेली वाटतं."

"लिंबाखाली हाय गाडी. पडायचीच," मी म्हणाले.

त्यांनी जाळीवरच्या कापडाला बोट लावून पाहिलं. ते चारी बाजूंनी घट्ट होतं. मग माझ्या सोललेल्या बोटाकडे पाहिलं. "मिस्त्रीला न्हाई बोलवायचं आता," एवढं म्हणून आत गेले.

परवा संध्याकाळी खुंटीवरची किल्ली घेऊन मीही गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या, पंखा लावला. वाटलं होतं रडू येईल. पण आला तो राग. अक्कांशी कडाडून भांडले. एवढ्या मोठ्या घरात मला एकटीला टाकून जाताना काहीच कसं वाटलं न्हाई? मी आधण ठेवलं होतं, म्हणाले, दोन कप जास्तीचं ठेवलं होतं, आणि तुम्ही आलात त्या अशा?

बाहेर कुणाला काही ऐकू गेलं नाही.