शेवग्याची पूड आणि अर्धा धोंडा

आमच्या ह्यांना साखर निघाली, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: अधिक महिन्यात सासरी धोंडे खाता येतील का? पुरण भरलेल्या धोंड्यांचा हा जावयाचा मान तीनेक वर्षांनी एकदा येतो. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नीट घ्या, साखर आटोक्यात आली तर बघू.

त्या ‘बघू’वर हे पेटले. वाळूजला कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी सांगितलं, शेवग्याचा पाला साखरेवर लई गुणाचा. झालं. पाल्याच्या पुडीचा डबा आला आणि माझ्यापासून लपून कामाच्या बॅगेत बसला, कारण मी ‘आधी डॉक्टरांना विचारा’ म्हणाले असते. इकडं माझ्या आईच्या दारातच शेवगा. जावयाला साखर झाल्याचं कळताच तिनं पाला सावलीत वाळवला, कुटला आणि आमच्याकडं पुंडलिकनगरला पाठवला. अंगात रक्त भरतं, असा निरोपही आला. घरच्या झाडाचा पाला म्हणून मी तो न विचारताच भाकरीच्या पिठात मळू लागले. हे त्या हिरव्या भाकरी मुकाट खात आणि कामावर जाऊन पुन्हा चमचाभर पूड पाण्यातून घेत. एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस!

धोंड्याच्या दिवशी ह्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. सासरी आग्रह होणार, पोटात जागा हवी. गोळी मात्र घेतली आणि वर दोन चमचे पूड, म्हणजे धोंड्यांची आगाऊ सोय. माहेरी पोचलो तर जावयाला द्यायचं वाणाचं ताट आणायला छावणीच्या बाजारात गेलेले माझे काका अजून परतले नव्हते आणि त्यांच्याशिवाय पानं वाढायची नव्हती.

शेवटी काका आले आणि आई ओवाळायला आली, तर हे पाटावर घामानं डबडबलेले, हात थरथरतायत. भावजय म्हणाली, दाजींना गहिवरून आलं. मी त्यांची नजर पाहिली. साखर उतरली, मी ओरडले. आईनं निरांजन खाली ठेवलं, देवापुढची नैवेद्याची साखर उचलून पाण्यात ढवळली.

“आधी हे प्या, जावईबापू. देव थांबतोय, त्याला काय घाई नाय.”

थोड्या वेळानं ह्यांच्या तोंडावर रंग आला. तोवर मी डॉक्टरांना फोन लावला होता आणि ह्यांनी बरोबर आणलेल्या कामाच्या बॅगेतला डबाही सापडला होता; भाकरीतला पालाही मी कबूल केला. डॉक्टर म्हणाले, पाल्याची भाजी खुशाल खा, चांगलीच असते. पण गोळ्या चालू असताना न विचारता एवढी पूड घ्यायची, वर उपाशी राहायचं, मग साखर खाली जाणारच. आता पूड बंद, लगेच जेवायला द्या आणि उद्या घेऊन या.

पाटावरून बारीक आवाज आला, “धोंड्याचं विचार ना.”

मी दात-ओठ खात विचारलं. जेवणाबरोबर अर्धा, डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी तो अर्धा धोंडा तूप लावून, डोळे मिटून खाल्ला. मग डोळे उघडून माझ्या ताटातल्या उरलेल्या अर्ध्याकडं बघत बसले. तो मी त्यांच्यासमोर, रडत रडत, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.