बाराशे पन्नासची रेघ

निरवांगीच्या कुंडलिक मेंढपाळाची लेक म्हाळसा बारामतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि दर शनिवारी पुणं गाठून सूर्याच्या प्रभामंडळावर संशोधन करायची. सूर्याभोवतीचं हे विरळ आवरण, दहा लाख अंश तापलेलं. त्याचा अतिनील प्रकाश आपल्या हवेतच अडतो, म्हणून तो अवकाशातल्या यानानं टिपायचा आणि वर्णपटातल्या रेघांवरून तिथं काय तापलंय ते म्हाळसानं ओळखायचं.

सत्त्याण्णवच्या मार्चात तिला बाराशे पन्नास अँगस्ट्रॉम तरंगलांबीला एक ठळक रेघ दिसली. ठाऊक रेघांच्या तिच्या तक्त्यात त्या जागी काहीच नव्हतं. आनंदाच्या भरात तिनं गावी फोन लावून नवी रेघ सापडल्याचं सांगितलं, आणि घोटाळा झाला. फोन होता सरपंच हिंदुरावांच्या घरी. आठ दिवसांत सत्काराचा मांडव उभा राहिला.

सत्काराला निघालेल्या एसटीत तिनं पुन्हा तक्ते चाळले. यानातल्या बारीक चऱ्यांच्या जाळीवरून प्रकाश फाकला की एखादी रेघ दुप्पट आकड्याच्या जागीही उमटते, हे तीच तर पोरांना शिकवायची! तिनं आकडा निम्मा केला. सहाशे पंचवीस. तिथं मॅग्नेशियमची रेघ, जुनी, साऱ्या जगाला ठाऊक.

"अगं बाई!" ती एवढ्यानं ओरडली, की कंडक्टरनं घंटी ओढून गाडीच थांबवली.

मांडवात शाल अंगावर पडली आणि ती उठली. "रेघ नवी न्हाय, मॅग्नेशियमची जुनीच हाय. माझी चूक झाली."

मग तिनं पिशवीतली नोंदींची सीडी काढून उन्हात धरली. कनातीवर रंगांचा पट्टा उमटला, शेजारी दुसरा, फिकट. "एकाच उजेडाचे दोन पट्टे. मी दुसऱ्याला नवा समजले."

"मग शाल माघारी द्यायची व्हय?" तिची आई कुशाबाई कासावीस झाली.

"माघारी कशापायी?" हिंदुराव म्हणाले. "चूक धरली कुणी? तिनंच की!"

कुंडलिक पुढं सरकला. "मॅग्नेशियम म्हंजी आपुन उसाला टाकतो त्येच का गं?"

"तेच, आबा."

"आन् त्ये तितं बी हाय?" तो कितीतरी वेळ मान हलवत राहिला.

सोमवारी तिनं पुण्यातल्या आपल्या मार्गदर्शक सरांना चूक कळवली. त्या रेघेवरचा निबंध अजून छपाईला गेला नव्हता, हे नशीब. पुढं त्याच रेघेवरून तिनं सूर्याच्या कडेबाहेरचं तापमान मोजलं आणि दोन वर्षांनी तिला पीएचडी मिळाली. त्या वेळी मात्र तिनं गावाला फोन न करता पत्र घातलं, तेही सारं दोनदा तपासून.