चार तारांचा हरेश

“काकी, त्या चार तारावाल्याला जरा मागं घ्या. पाहुण्यांच्या खुर्च्या मावत नाय स्टेजवर.”

मंडळाचे अध्यक्ष बोलत होते. मी खाली मैदानात मिक्सरला वायरी जोडत होते. शहापूरचं नवरात्र, आणि संध्याकाळी रॉक बँडचा शो. तालुक्यातलीच चार पोरं. एक गाणारा, एक गिटारवाला, एक ड्रमवाला आणि हा खर्डीचा हरेश, बेस गिटार वाजवणारा.

“बाकीच्याला सहा तारा, ह्याला चारच कशा?” अध्यक्ष म्हणाले. “उरलेल्या दोन पुढच्या हप्त्यात येणार काय?”

हरेश स्वतःच हसला आणि ड्रमच्या मागं जाऊन उभा राहिला. सवयच होती त्याला.

आमचा साऊंडचा धंदा मुरबाडला. आमच्या ह्यांनी कर्ण्यांपासून सुरू केलेला. त्यांची पाठ धरली तेव्हा मिक्सर माझ्या हातात आला. शिकवलं कोणी नाही. बटण फिरवायचं, कान द्यायचा, स्पीकरनं शिट्टी मारली की मागं यायचं. मिक्सर म्हणजे काय, तर प्रत्येक वाद्याची वायर तिथं येते आणि प्रत्येकाला एक सरकतं बटण असतं, फेडर. वर सरकवला की आवाज वाढतो, पार खाली ओढला की बंद. बेस गिटारचा आवाज जाडा, खालचा. तो कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. हरेशचा तर वेगळा स्पीकरही नव्हता. लोकांना जे काय ऐकू येणार, ते माझ्याच खोक्यांतून.

धंद्यापायी मी भजनं ऐकली, ऑर्केस्ट्रा ऐकले, हळदीचे बेंजो ऐकले. पण रॉकची गोडी ह्या पोरांनी लावली. कॅसेट लावून ते कळत नाही हो. समोर बसावं लागतं, खुर्ची हलावी लागते.

शो सुरू झाला आणि हरेशचे वडील, दामूभाऊ, सरळ माझ्या शेजारी येऊन बसले. आमच्या ह्यांच्या ओळखीचे. कसाऱ्याला रेल्वेत गँगमन, म्हणजे रूळ आणि रुळाखालची खडी सांभाळणारे. मुलाला आसनगावच्या कंपनीत लावायचं त्यांनी ठरवलं होतं. कायमची दुपारपाळी. म्हणजे संध्याकाळ गेली, बँड संपला. पोरानं एवढंच मागितलं होतं, की एकदा येऊन ऐका, मग काय ते सांगा.

“वयनी, ह्यात आमच्याचा आवाज कोणता?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, खालचा, जाडा. मान तिरपी करून त्यांनी दोन गाणी ऐकली.

“नाय येत ऐकू. खरं सांगा, वाजवतो का नुसता उभा राहतो?”

चेष्टा नव्हती हो ती. काळजीनं विचारत होते. मग चप्पल पायात सरकवली आणि उठले. म्हणाले, कंपनीत होय सांगून टाकतो.

तिसरं गाणं रंगात आलं होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि हरेशचा फेडर पार खाली ओढला.

आमच्या धंद्यात हे पाप. चालू शोमध्ये वाजवणाऱ्याचा आवाज काढला असं पसरलं, तर पुढं काम कोण देणार? पण काढला.

गाणं थांबलं नाही, नुसतं पत्र्यासारखं वाजायला लागलं. पुढं नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. गाणाऱ्यानं वळून पाहिलं. हरेशनं एका हातानं वायर चाचपली आणि पुन्हा वाजवायला लागला.

दामूभाऊ ताठ बसले. “वयनी, खडी सरकली.”

“काय सरकलं?”

“रुळाखालची खडी सरकली ना, का गाडी अशीच पोकळ वाजते. वर सगळं जाग्यावर दिसतं. खाली काय नसतं.”

मी फेडर वर नेला. आवाज जमिनीतून आल्यासारखा आला, आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या थरथरल्या.

“हा आमचा?”

“हा तुमचा.”

मग त्यांनी स्टेजकडे बघणंही सोडलं. डोळे मिटून, मांडीवर बोटानं तेवढा एकच आवाज धरून शेवटपर्यंत बसले.

सत्कारात पाहुण्यांना शाली, गाणाऱ्याला शाल, आणि हरेशपर्यंत येईतो नारळही संपले. दामूभाऊ स्टेजवर चढले, त्याची गिटार स्वतःच्या खांद्याला लावली आणि पुढं चालू लागले.

हरेश कंपनीत लागला. घरच्यांना पगार हवाच होता. पण दामूभाऊंनी तिथं जाऊन सांगितलं, सकाळची पाळी द्या, संध्याकाळी त्याला काम असतं. काम म्हणाले ते. त्याच्यापुढं ती शाल काय घेऊन बसलात.

पुढं कितीतरी शो त्या चौघांनी माझ्या मिक्सरवर केले. ह्या वयात मला रॉक कळतं, हे त्यांचे उपकार. हरेशनं मात्र त्या दिवशी जाताना मला बजावलं होतं, “काकी, तुमची वायर बदला, मधीच जाते.” बदलते म्हटलं.

तर धंद्यातल्या नव्या पोरांना माझं एवढंच सांगणं. चालू शोमध्ये कोणाचा फेडर खाली ओढू नये. ओढायचाच झाला, तर शेजारी त्याचा बाप बसलाय का, ते आधी बघावं.